फॉर्मलीनमधले दिवस

घरात तिला वहिनी म्हणत आणि प्रयोगशाळेत मॅडम. दोन्हीकडे ख्याती एकच होती: ही बाई मोजल्याशिवाय तोंड उघडत नाही. चहात साखर किती, असं विचारलं तरी ती क्षणभर थांबून उत्तर द्यायची. "वहिनीला ‘कशी आहेस’ म्हणून विचारू नका," तिची नणंद म्हणायची, "ती आधी थर्मामीटर शोधेल."

नणंदेचं नाव बेबी. घरातलं शेंडेफळ म्हणून चिकटलेलं नाव अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. घराच्या तळमजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. पडदे, शाळेचे गणवेश, सोफ्याची कव्हरं, कोणाचं काही उसवलं तर तेही. दोन मशिनं, एक लांबलचक टेबल, आणि कानामागे कायम खोचलेला खडू.

वहिनीचं काम ठिपक्यांचं होतं. स्तनाच्या क्ष-किरण चित्रात कधीकधी मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. ते कॅल्शियमचे साठे. बरेचसे निरुपद्रवी असतात, काही मात्र कर्करोगाच्या शेजारी बसलेले असतात, आणि चित्रात सगळे जवळपास सारखेच पांढरे दिसतात. म्हणून वहिनी त्यांचं रसायन वाचायची. रुग्णाच्या तुकड्याचा केसाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, ठिपका शोधायचा, त्यावर लेसरचा लाल बिंदू टेकवायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख पडद्यावर उमटू द्यायचा. त्या आलेखात एक उंच शिखर असे, ते फॉस्फेटचं. उजवीकडे एक ठेंगणी टेकडी, ती कार्बोनेटची. शिखराच्या मानाने टेकडी किती उंच, एवढाच तिचा तीन वर्षांचा प्रश्न. एकशे बासष्ट नमुने मोजल्यावर उत्तर मिळालं होतं आणि ते देखणं होतं: निरुपद्रवी गाठींतल्या ठिपक्यांत कार्बोनेट भरपूर, कर्करोगातल्या ठिपक्यांत कमी. आलेखावर ठिपक्यांचे दोन ढग आणि मधे मोकळं आभाळ. सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तो आलेख छापून स्वतःच्या दारावर चिकटवला होता.

एकशे त्रेसष्टावा नमुना बेबीचा.

बेबीच्या उजव्या बाजूला, काखेच्या अंगाला, ठिपक्यांचा पुंजका दिसला होता. सुईने तुकडे काढून तपासले. अहवाल आला तो धड इकडचा ना तिकडचा: पेशी जरा वेगळ्या दिसतात, कर्करोग आहे म्हणता येत नाही, नाही असंही खात्रीने म्हणता येत नाही. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. तेवढा भाग आत्ताच काढून तपासायचा, किंवा सहा महिने थांबून पुन्हा चित्र काढायचं. "मी तुमच्या जागी असतो तर काढून टाकला असता," असंही ते म्हणाले.

"पण ते माझ्या जागी नाहीत ना," बेबी त्या संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. "आईचा हात आठवतो ना तुला? ऑपरेशननंतर लोडासारखा सुजला होता. शेवटची आठ वर्षं तिने कात्री धरली नाही. माझा हात गेला तर मी काय, दातांनी शिवू?"

"आईंचं ऑपरेशन मोठं होतं. त्यांच्या काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या होत्या. हे त्या मानाने..."

"ते राहू दे. तू तीन वर्षं जगाचे ठिपके बघतेस. माझे बघ."

"तसं चालत नाही, बेबी. नमुना कोणाचा आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं लागतं. माहीत असलं की डोळे हवं ते बघतात."

"मग डोळे मिटून बघ."

वहिनी हसली, आणि हसली तिथेच फसली. दुसऱ्या दिवशी तिने अभ्यासात सहभागी होण्याचा संमतीचा फॉर्म आणला. बेबीने खडूच्या बोटांनी सही केली. आठवड्याभरात बेबीच्या तुकड्याचा काप रीतसर वहिनीच्या टेबलावर आला, १६३ असा आकडा लावून, जणू कोणाचा ते तिला ठाऊकच नव्हतं. एका मंगळवारी सकाळी तिने त्यातले एकतीस ठिपके मोजले. एकूणएक ठिपक्यात टेकडी उंच होती.

सांगायचं काय, ते वाक्य तिने घरी येताना बसमध्ये बसून तयार केलं. मग बेबीसमोर चहा ठेवून म्हणाली, "कार्बोनेट भरपूर आहे. इतकं कार्बोनेट असलेल्या ठिपक्यांच्या शेजारी कर्करोग मी फार क्वचित पाहिलाय."

वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. बेबी म्हणाली, "म्हणजे काही नाही." आणि दुसऱ्याचं दशांश चिन्ह चुकलं तरी टोकणारी वहिनी तेव्हा काही बोलली नाही. चहा पीत राहिली. बेबीने सर्जनना फोन करून कळवलं, मी थांबते.

याला चार महिने झाले.

*

मग एका बुधवारी मासिकाकडून पत्र आलं. शोधनिबंध परीक्षकांना आवडला होता. अडीच पानं कौतुक आणि शेवटी एक किरकोळ पृच्छा: नमुने फॉर्मलीनमध्ये किती काळ होते, ते कृपया नमूद करावं.

शरीरातून काढलेला तुकडा कुजू नये म्हणून लगेच फॉर्मलीनमध्ये टाकतात. किती वेळ, याचं पुस्तकातलं उत्तर आहे चोवीस तास. वहिनीने ‘चोवीस तास’ असं टाइप केलं, पूर्णविराम दिला, आणि मोजल्याशिवाय तोंड न उघडण्याची सवय म्हणून खात्री करायला दोन मजले खाली गेली.

खाली मेणात बसवलेल्या तुकड्यांचे काप काढणारे तंत्रज्ञ होते. विद्यार्थी त्यांना कापकाका म्हणत, आणि हळूहळू सगळेच म्हणू लागले होते. सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून ते पात्याखालून मेणाच्या पारदर्शक पट्ट्या सोडवत आले होते.

"चोवीस तास?" काका पात्यावरची नजर न काढता हसले. "ते पुस्तकात, मॅडम. पुस्तकाला रविवार नसतो."

"म्हणजे?"

"सुईने काढलेला तुकडा म्हणजे काडीपेटीतली काडी. सकाळी टाकला की संध्याकाळी तयार. पण आख्खा स्तन आला की त्याच्या पोटात औषध शिरायला वेळ नको? तीन दिवस. कधी चार. मधे जोडून सुट्टी आली तर आठवडा."

"म्हणजे कॅन्सरचे नमुने जास्त दिवस ठेवता."

"मोठे नमुने जास्त दिवस ठेवतो," काकांनी दुरुस्त केलं. मग पट्टी पाण्यावर सोडत म्हणाले, "पण मोठा नमुना कोणाचा येतो? ज्याला कॅन्सर आहे त्याचाच."

वहिनी तिथल्या दुसऱ्या स्टुलावर बसली. फॉर्मलीनचा वास डोळ्यांना झोंबत होता. तिने विचारलं, "बफर घालत होता ना?"

फॉर्मलीन जुनं झालं की आंबतं, म्हणजे आम्ल होतं. तसं होऊ नये म्हणून त्यात घालायची ती पावडर म्हणजे बफर.

"आता घालतो. मधली दीड वर्षं पावडर येतच नव्हती. मी तीनदा लिहून दिलं वर. कोपऱ्यातल्या त्या पिंपात लिटमसची पट्टी बुडवली की लालभडक व्हायची."

"काका, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलं कोणी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही वरची माणसं काप न्यायला येता. कापाच्या आधी काय झालं ते विचारायला आजच कोणीतरी आलंय."

त्यांनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. नमुना आला ती तारीख आणि वेळ, फॉर्मलीनमधून काढला ती तारीख आणि वेळ, कोणत्या पिंपातला, आणि कडेला सही. तीन वर्षांत एकही रकाना कोरा नव्हता. वहिनीने प्रत्येक रुग्णाचं वय टिपलं होतं, बाजू टिपली होती, गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये टिपला होता. ही वही दोन मजले खाली पडून होती.

चुन्याच्या खड्यावर ॲसिड टाकलं की फसफसतं, हे तिने सातवीत पाहिलं होतं. बुडबुडे होऊन निघून जातं ते कार्बोनेटच. आंबलेल्या फॉर्मलीनमध्ये ठिपका पाच दिवस भिजला तर त्यातून आधी काय जाईल, हे तिला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

वही उराशी धरून ती वर आली. आधी तिने पत्राच्या उत्तरातलं ‘चोवीस तास’ खोडलं.

पुढचे दोन दिवस तिने तेच जुने आकडे नव्याने मांडले. आडव्या रेषेवर आता रोगाऐवजी फॉर्मलीनमधले दिवस. दोन ढग विरघळले आणि त्यांच्या जागी घसरगुंडीसारखी एकच उतरती रांग आली. जितके दिवस जास्त, तितकी टेकडी बुटकी. कर्करोगाचे चौदा नमुने नुसत्या सुईचे होते, एका दिवसात बाहेर काढलेले. त्यांच्यात टेकडी निरुपद्रवी नमुन्यांइतकीच उंच होती. त्या चौदांना तिने पूर्वी ‘अपवाद’ म्हटलं होतं आणि तळटीपेत त्यांच्यासाठी चांगलंसं कारणही शोधून ठेवलं होतं. उलट काही निरुपद्रवी गाठी मोठ्या होत्या, जोडसुट्टीत पिंपात अडकलेल्या. त्यांच्यातली टेकडी सपाट. शेवटची खात्री म्हणून काकांकडचा, फेकून द्यायचा एक ठिपकेदार तुकडा मागून घेतला, त्याचे भाग केले आणि काकांनी शोधून दिलेल्या जुन्या आंबलेल्या फॉर्मलीनमध्ये सोडले. पाचव्या दिवशीच्या भागात टेकडी निम्मी उरली होती.

रोगाचाही त्यात थोडाफार हात असेल कदाचित. तिच्या आकड्यांवरून ते सांगता येत नव्हतं, आणि आजवर ती तेच सांगत आली होती.

मग तिने वहीत १६३ शोधला. सुईचे तुकडे. आठ तास. ताजं फॉर्मलीन, बफरसह. बेबीच्या ठिपक्यांत टेकडी उंच असणारच होती. शेजारी कर्करोग बसलेला असता तरी उंच, नसता तरी उंच.

तिने सरांना आलेख दाखवला. सरांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला.

"म्हणजे तीन वर्षं आपण काकांचं वेळापत्रक मोजत होतो?" ते म्हणाले.

"हो सर."

"हं." त्यांनी आलेख टेबलावर ठेवला. "पत्राला उत्तर द्यायला महिना आहे. निबंध मागे घ्यायचा की दुरुस्ती जोडायची, ते सावकाश ठरवू. आत्ता घाई नको."

"पत्राला महिना आहे सर. मला नाही." आणि तिने १६३ कोणाचा ते सांगितलं. ठिपके मोजल्यावर घरी काय सांगितलं, तेही.

सर तिला रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, दारावरचा कागद चारी कोपऱ्यांनी जपून सोडवला आणि घडी करून खिशात ठेवला. "घरी जा," एवढंच म्हणाले. "आधी तिला सांग."

*

आधी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी घासत होता. बेबी त्याची एकुलती एक बहीण. सगळं ऐकेपर्यंत त्याच्या हातातली ताटली दोनदा घासून झाली.

"दोनच महिने राहिलेत," तो म्हणाला. "तपासणी होणारच आहे. आत्ता सांगून तिच्या जिवाला उगाच घोर लावायचा."

"घोर लागायलाच हवा होता. मी तो काढून घेतला."

"पण तूच म्हणालीस ना, ठीक आहे म्हणून?"

"मी तसं म्हणाले नव्हते."

"मग काय म्हणालीस?"

तिने ते बसमधलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. नळ चालू होता. त्याने तो बंद केला.

"याचा अर्थ ठीक आहे असाच होतो," तो म्हणाला. "कोणालाही विचार."

*

शनिवारी सकाळी ती दुकानात गेली तेव्हा बेबी गुडघ्यापर्यंत कपडे खोचून मोठ्या टबात निळं कापड बुडवत होती. दोरीवर आधीचे दोन तागे ठिबकत होते. जमीन निसरडी झाली होती.

"देवासारखी आलीस. हे टोक धर. पिळायचं नाही हां, नुसतं निथळू द्यायचं. सुरकुती पडली तर इस्त्री तू करशील."

वहिनीने टोक धरलं. कापड जड होतं, त्याचं पाणी तिच्या बाहीत शिरलं.

"गणवेशाचं," बेबी म्हणाली. "नवीन गिरणीचं. मीटरमागे तीन बोटं आटतं मेलं! न भिजवता बेतलं असतं ना, तर पहिल्या धुण्यात सगळ्या शाळेच्या विजारी गुडघ्यावर." तिने वहिनीकडे पाहिलं. "काय गं? तोंड का असं? दादाशी वाजलं का?"

"नाही. बेबी, मला तुझ्या ठिपक्यांबद्दल बोलायचंय."

"बोल."

"मी तुला सांगितलं ते चुकलं."

दुसऱ्या टोकाला कापड ताठ झालं. "म्हणजे? कॅन्सर आहे?"

"मला माहीत नाही. आहे असं म्हणत नाहीये. नाही असं वाटायला जे कारण मी दिलं होतं, ते कारणच खोटं निघालं."

तिने सांगितलं. फॉर्मलीन म्हणजे काय, ते आंबतं कसं, आंबलेल्यात ठिपक्यातलं कार्बोनेट कसं विरघळून जातं, मोठे तुकडे किती दिवस पडून राहत आणि बारीक तुकडे किती तास. काकांची वही, आठ तास, सगळं. प्रयोगशाळेतले शब्द टाळायचा प्रयत्न करत होती आणि त्यामुळे जास्तच अडखळत होती. बेबीने मधेच हात वर केला.

"थांब. मोठे तुकडे रात्रंदिवस भिजलेले. बारके नुसते ओले करून काढलेले."

"हो."

"आणि तू दोन्ही एकाच टेपने मोजलेस. आणि म्हणालीस, हे कापड आखूड आहे, म्हणजे कापडच वाईट."

"हो."

"आणि माझं होतं न भिजलेलं."

"हो."

बेबीने दोरीवरच्या तागांकडे पाहिलं. "माझ्याकडे नवी मुलगी शिकायला आली की पहिल्या दिवशी मी तिला एकच गोष्ट सांगते. कापड हातात आलं की आधी विचार, भिजवलंय का. टेपला नंतर हात लाव." ती हे ओरडून बोलली नाही. ओरडली असती तर वहिनीला तोंड वर करता आलं असतं. "पहिल्या दिवशी गं. शिवण यायच्या आधी."

"मला विचारायला हवं होतं."

"ते सोड, ते तुझं तू बघ. मला दुसरं सांग. मी म्हणाले होते, म्हणजे काही नाही. तेव्हा तू चहा पीत होतीस."

"हो."

"थंड झालेला चहा. तो तू पीत राहिलीस. मी बघत होते तुझ्या तोंडाकडे. म्हटलं, ही बाई चुकीचं काही खपवून घेत नाही. गप्प आहे म्हणजे खरंच काही नाही." बेबीचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "चार महिने मी गाढ झोपले, वहिनी."

"मलाही तेच हवं होतं," वहिनी म्हणाली. "काही नसावं म्हणून."

"माहीत आहे. म्हणून तर तुझं तोंड बघायला नको होतं मी. तूच म्हणाली होतीस ना, डोळे हवं ते बघतात म्हणून?"

कापडाचं पाणी दोघींच्या मधे टपटपत होतं. वहिनीचे हात भरून आले होते. तिने पकड बदलायला टोक जरा सैल केलं.

"सोडू नको!" बेबी खेकसली. "जमिनीला लागेल ते. पुन्हा धुवायला लावशील मला." मग तिने आपलं टोक दोरीवर टाकलं, वहिनीच्या हातातलं टोक घेऊन तेही टाकलं, चिमटे लावले, एकेक करून, नेहमीपेक्षा जास्तच. शेवटचा चिमटा लावून झाल्यावर ओले हात पुढे धरून म्हणाली, "माझ्या फोनवरून सर्जनना फोन लाव. आणि कानाला धर. बोलेन मी."

*

ऑपरेशन दहा दिवसांनी झालं. त्या दिवशी वहिनी मुद्दाम आपल्या खोलीत बसून राहिली, सूक्ष्मदर्शकाचं झाकणही काढलं नाही. दुपारी कापकाका धापा टाकत दोन मजले चढून आले. सव्वीस वर्षांत त्यांना वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"अकरा चाळीसला आला," ते म्हणाले.

"काका, मला सांगू नका. मला त्यातलं काही कळायला नको."

"अहवाल कुठे सांगतोय? तो माझ्या हातात नाही. वेळ सांगतोय. अकरा चाळीसला आला, अकरा बेचाळीसला फॉर्मलीनमध्ये गेला. ताजं, बफर घालून. उद्या तेवढ्याच वाजता काढणार. लिहून ठेवलंय." ते दाराशी घुटमळले. "तुमच्या घरचं माणूस आहे म्हणून वेगळं काही केलेलं नाही. आता सगळ्यांचंच असं करतो."

अहवाल सहाव्या दिवशी आला. सर्जननी तो रुग्णालयात बेबीच्या खोलीत तिघांसमोर वाचला: बेबी, तिचा दादा आणि वहिनी. कर्करोग होता. बराचसा दुधाच्या नलिकांच्या आतच होता, म्हणजे कोंडलेला. पण एका जागी त्याने नलिकेची भिंत ओलांडली होती. तीन मिलिमीटर. लवकर सापडलाय, सर्जन म्हणाले, उपचार चांगले आहेत, घाबरण्यासारखं नाही. मात्र भिंत ओलांडली असल्यामुळे काखेतल्या दोन-तीन गाठी काढून तपासाव्या लागतील.

"काखेतल्या," बेबी म्हणाली.

"दोन-तीनच. पूर्वीसारख्या सगळ्या काढत नाही आता. हात सुजण्याची शक्यता बरीच कमी असते."

"कमी, म्हणजे असते."

"असते," सर्जन म्हणाले.

"चार महिन्यांपूर्वी काढलं असतं तर काखेला हात लावावा लागला असता का? तेव्हा हे बाहेर पडलेलं होतं का?"

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

सर्जन दुसऱ्या रुग्णाकडे गेले. दादा औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत. बेबीने मान वहिनीकडे वळवली.

"तू सांग."

वहिनीला उत्तर येत होतं. असे कर्करोग बहुधा हळू वाढतात, तीन मिलिमीटर व्हायला सहसा चार महिन्यांहून जास्त लागतात, तेव्हा बहुतेक ते आधीपासून असणार. हे खोटं नव्हतं. नीट बेतलं असतं तर शब्दन् शब्द खरं ठरणारं वाक्य झालं असतं, आणि ते ऐकून बेबी आज रात्री झोपली असती. कदाचित वहिनीही झोपली असती. वाक्य जिभेपर्यंत आलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

बेबी तिच्याकडे बघत राहिली. "बघ," ती म्हणाली, "येतं की तुला."

वहिनीने मान खाली घातली. बेबीने डाव्या हाताने उशाची पिशवी ओढली, आत चाचपलं आणि शिवणाचा पिवळा टेप बाहेर काढला. वापरून वापरून त्याच्या पहिल्या दोन इंचांवरचे आकडे पुसले गेले होते.

"माझा उजवा हात मोज."

"आत्ता?"

"मग कधी? उद्या काखेत काप पडला की मोजून काय उपयोग? आईचा सुजला तेव्हा सगळे म्हणायचे, छे, एवढा काही नाही सुजला, तुला उगीच वाटतं. आकडा कोणाकडेच नव्हता. मनगट मोज, कोपराखाली चार बोटं मोज, वर दंड मोज. डावापण मोज. आणि तारीख लिही. वेळ लिही." तिने हात उचलून पुढे केला. टाके ओढले गेले तशी तिची भुवई चढली, पण हात तिने खाली घेतला नाही. "आणि या वेळी कोणाला काय वाटतं ते लिहू नको. नुसतं लिही."

वहिनीने पर्समधून वही काढली, घड्याळात पाहिलं, चार वाजून सतरा मिनिटं, आणि ते आधी लिहिलं. मग खुर्ची पुढे ओढून टेप बेबीच्या मनगटाभोवती घेतला. पुसलेले दोन इंच सोडून पुढून मोजायचं आणि नंतर वजा करायचं, हे तिच्या लक्षात आलं. तेही लिहिलं. टेप जरा जास्तच आवळला गेला.

"एवढा ओढू नको," बेबी म्हणाली. "टेप नुसता टेकवायचा असतो."

वहिनीने टेप सैल केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.